कावळा तयार होता, गाडी नव्हती

आमची गाडी आमच्या खोलीपेक्षा लांब आहे. बढाई म्हणून सांगत नाही, टेपनं मोजलंय. घोडपदेवच्या चाळीत वरती आमची खोली, आणि खाली अंगणात ती काळी परदेशी गाडी. दोघींपैकी एसी गाडीला आहे. (होता.)

चौथी नापास माणसाकडं असली गाडी कुठून आली, असं तुम्हाला वाटणार. सगळ्यांनाच वाटतं. नाक्यावरच्या हवालदाराला तर दर खेपेला वाटतं. तर सांगतो. मी उभा जन्म मलबार हिलच्या एका शेठकडं ड्रायव्हर होतो. शेठ गेले, पोरं परदेशात, शेठाणी पण तिकडं निघाली. जाताना मला म्हणाली, "सावंत, ही गाडी तूच ठेव. दुसऱ्याच्या हातात गेली तर शेठना बरं वाटणार नाही."

मी म्हटलं, "बाई, ठेवू कुठं?"

"घरी ठेव ना."

मोठ्या लोकांचं घर म्हणजे काय असतं, ते त्या दिवशी कळलं.

गाडी चाळीत आणली तेव्हा आमची सुलू गॅलरीत उभी होती. माझी बायको. तिनं पुढून बघितलं, मागून बघितलं, आणि वरूनच विचारलं, "ह्या हत्तीक खावक कोण घालतलो?"

सुलू मालवणची. एरवी बोलायची चांगलं मुंबईचं मराठी, पण राग आला की मालवणी. गाडी आल्यापासून आमच्या घरात मालवणीच चालू झाली.

तिचंही चुकत नव्हतं. जुनी श्रीमंत गाडी म्हणजे जुना श्रीमंत माणूस. ऐट तीच, फक्त आता काही आपणहून होत नाही. काच खाली जायची, ती वर यायला तयार नाही. आकाशात ढग नाही आणि वायपर चालू. सीट बटणावर मागं जायची, पण कधी जायची ते तिच्या मनावर. आणि लॉक? एका दाराला काही झालं की चारी दारांना कळायचं, जशी आमची चाळ. वडाळ्याचा उस्मान मेकॅनिक तिच्या पोटात डोकं घालून म्हणायचा, "चाचा, इसका पार्ट दुकान में नहीं, म्युझियम में मिलेगा." तरी कुठल्या कुठल्या भंगारातून शोधून आणायचा बिचारा.

"माझ्या गुडघ्याक कोण नाय," सुलू म्हणायची, "आणि ह्या शेठणीच्या गुडघ्याक उस्मान."

शेठीण हे गाडीचं नाव तिनंच पाडलेलं. सवतीला ठेवावं तसं. बाकी चाळीतल्या बायकांचं मात्र गाडीशी चांगलं जमलं. त्या टपावर पापड वाळत घालायच्या. काळा रंग ना, दुपारपर्यंत कडक.

मग सुलू आजारी पडली. परळच्या मोठ्या हॉस्पिटलात फेऱ्या सुरू झाल्या. टॅक्सीत तिला धक्के सोसवेनात. एक दिवस मी काही न विचारता गाडी काढली आणि पुढची सीट मागं पाडली. (त्या दिवशी बटण पहिल्या दाबाला चाललं. मला उस्मानपेक्षा शेठिणीचंच कौतुक वाटलं.) सुलू तोंड वाकडं करून बसली. लालबागचा पूल चढेपर्यंत झोपली. घरी रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि इथं घोरतेय. मी हॉस्पिटलातून परत येताना सरळ वरळीला नेली, समुद्राकाठनं. सिग्नलला गाडी थांबली की तिला जाग यायची. म्हणून मी थांबायचं टाळायचो. वळसे घालायचो, नुसता फिरायचो. जागी झाली की म्हणायची, "अजून घर नाय इला? ह्या हत्तीपेक्षा बैलगाडी बरी." पण पुढच्या खेपेला टॅक्सी बोलावू का विचारलं, तर ऐकू न आल्यासारखं करायची.

तर अशी सुलू गेली. आणि आता दहाव्याची गोष्ट.

दहावं वाळकेश्वरला, बाणगंगेच्या तळ्यावर करायचं ठरलं. गाडीत मी, माझा पोरगा राजू, सुलूचा भाऊ दत्ता, आणि भटजी. शिजवलेला भात, दर्भ, तीळ, सगळी टोपली मी पुढच्या सीटवर ठेवली होती. ती सुलूची जागा, तिथं दुसऱ्या कुणाला बसवेना. टोपलीत वरती दोन बटाटेवडे, लालबागचे. तिला आवडायचे. भटजी मागं बसले होते, शेठ बसायचे तिथंच.

आणि तिथंच घात झाला. गाडी उभी केली. राजू उतरला, दत्ता उतरला. माझ्या अंगात जन्माची सवय. मागं माणूस बसलाय म्हटल्यावर मी किल्ली तशीच ठेवून खाली उतरलो, माझं दार लावलं, वळसा घालून पळत गेलो आणि भटजींसाठी दार उघडून उभा राहिलो. एक हात दारावर, मान खाली. भटजी उतरले. मी दार हळूच लावलं, आवाज न करता, शेठना आवाज आवडायचा नाही म्हणून.

टक. चारी दारं बंद.

किल्ली आत. भात आत. वडे आत.

"दुसरी किल्ली?" राजूनं विचारलं.

"शेठाणीबरोबर परदेशात."

भटजींनी घड्याळ बघितलं. "काका, मला बाराला दादरला आणखी एक आहे."

मी उस्मानला फोन लावला. तो म्हणाला, "चाचा, आता हूँ. तब तक उसको हाथ मत लगाओ, वो और नाराज़ होगी."

तेवढ्यात कावळे आले. बाणगंगेच्या कावळ्यांना कोण कशाला आलंय ते बरोबर कळतं. एक बोनेटवर बसला, दोन टपावर. त्यातला एक चांगला धष्टपुष्ट, तो काचेतून आत वड्याकडं बघायला लागला. मग काचेवर चोच मारायला लागला. टक, टक, टक.

लोकांचं दहाव्याला काय होतं? पिंड ठेवलेला असतो आणि कावळा शिवत नाही. माणसं हात जोडून उभी, गेलेल्याची काय इच्छा राहिली म्हणून एकमेकांकडं बघतात. आमचं उलटं. कावळा तयार होता, गाडी नव्हती.

दत्तानं भटजींना विचारलं, "काचेवरनं शिवलो तर चलात काय?"

"काय म्हणालात?"

"नाय म्हणजे, तो आपला काम करता हा. मधी काच इली, हेच्यात त्याची काय चूक?"

भटजी जरा वेळ खरंच विचारात पडले. मग म्हणाले, "नाही. स्पर्श पाहिजे."

मग दत्तानं टोपी काढली, गाडीसमोर हात जोडले आणि गाऱ्हाणंच घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या बंद झाल्या दारांका उघडूची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," राजू म्हणाला. मी पण म्हणालो. बाजूनं जाणारा एक अनोळखी माणूस पण म्हणाला. कोकणातला असणार.

भटजी म्हणाले, "अहो, सुतकात गाऱ्हाणं घालत नाहीत."

"आणि सुतकात गाडी लॉक झालेली चलता?"

भटजींनी परत घड्याळ बघितलं. दत्तानं दगड बघितला. मी अरे अरे करेपर्यंत त्यानं मागच्या दाराची छोटी काच फोडली, हात आत घातला, दार उघडलं. आणि शेठीण बोंबलायला लागली. चोर आला की वाजतो तो भोंगा. तो भोंगा चालतो हे मला माहीतच नव्हतं. गाडीत ज्याची गरज नव्हती तेवढी एकच वस्तू धडधाकट निघाली.

वाळकेश्वरचे झाडून सगळे कावळे उडाले. आमचे उडाले, ते तर उडालेच. पलीकडं दुसऱ्या एका घराचं दहावं चाललं होतं, त्यांचेपण उडाले. त्यांच्यातले एक म्हातारे गृहस्थ आमच्याकडं चालत आले. "अहो, आमचा शिवायला खाली उतरला होता. दोन पावलांवर होता."

मी हात जोडले. दुसरं काय करणार.

भोंगा काही थांबेना. उस्मान फोनवर ओरडत होता, बॅटरीची वायर काढा. वायर काढायला बोनेट उघडायला पाहिजे, आणि बोनेटचा खटका मी ओढला तर तो हातात आला. शेवटी भटजींनी त्या गोंधळातच पिंड मांडले. मंत्र म्हणाले असणार, ओठ हलताना दिसत होते. पानावर भात, बाजूला वडे. आणि आकाश रिकामं.

मग सुरू झाली खरी बोली. राजू डोकं भादरलेलं, उन्हात उभा, ओरडून म्हणाला, "आई, बाबांना मी सांभाळीन!" भोंगा: पॅं, पॅं, पॅं. कावळा नाही. दत्ता ओरडला, "बाय गे, गणपतीक गावाक सगळ्यांका नेतंय!" कावळा नाही. मग दोघांनी माझ्याकडं बघितलं.

दत्ता माझ्या कानात ओरडला, "भावोजी, गाडयेचा काय ता बोला. बायचो जीव थंयच अडाकलो आसतलो."

सगळ्या गोताला ठाऊक होतं, सुलूला गाडी डोळ्यासमोर नको होती. राजूलाही ती विकायचीच होती. मी गाडीकडं बघितलं. पुढची सीट तशीच मागं पडलेली. तिच्यानंतर मी बटणाला हात लावला नव्हता. पण बायको उपाशी पानावरून उठून जाणार असेल, तर माणूस काय गाडी धरून बसणार? मी जमेल तेवढ्या जोरात ओरडलो, "सुलू, गाडी विकतो!"

कावळा नाही.

"परत सांगा!"

"विकतो गं!"

दोन वेळा ओरडलो. घसा बसला. आणि तेवढ्यात भोंग्याचा आवाज बारीक होत होत थांबला. बॅटरी मेली. एकदम असं शांत झालं, की पलीकडच्या लोकांचं कुजबुजणं ऐकू यायला लागलं. दत्ता त्यांची माफी मागायला तिकडं गेला. मी पानाजवळ उकिडवा बसलो. आता ओरडायची गरज नव्हती, आणि खोटं बोलायचीही ताकद नव्हती.

हळूच म्हटलं, "सुले, नाही विकवत. तुला त्यात झोप लागायची. तुला झोपलेली बघायला मिळायची ती तेवढीच. राग आला तर येऊ दे."

मागं पंख वाजले. कावळा आला, पानाकडं तिरकं बघितलं, भाताला चोच लावली आणि अख्खा वडा घेऊन गेला.

"शिवला," भटजी म्हणाले, आणि दादरला पळाले.

दत्ता पळत आला, मला मिठी मारली, रडला. "बघितलात? विकतंय म्हणालात आणि लगेच इलो! बाय सुटली."

आता ह्याला काय सांगू? लोकांदेखत मी एक बोललो होतो, आणि तिच्याजवळ दुसरं.

गाडी गल्लीत आडवी होती. मागं दुसऱ्या लोकांच्या गाड्या येऊन थांबलेल्या. आमची गाडी ऑटोमॅटिक, ढकलून चालू होत नाही, फक्त बाजूला होते. मला आत बसवलं, चाक धरायला. दत्ता आणि राजू मागनं ढकलायला लागले. पलीकडच्या दहाव्याची माणसं आली, ते म्हातारे गृहस्थसुद्धा. (त्यांचाही शिवला होता एव्हाना. आमचा दुसरा वडा तिकडंच गेला.) थोडाच चढ, पण गाडी इंच इंच सरकत होती. दत्ता घामाघूम होऊन ओरडत होता, "शेवटचा ढकलतंव गो शेठणी, शेवटचा!"

ते ऐकवेना. राजू ढकलत ढकलत माझ्या खिडकीशी आला होता, त्याला म्हटलं, "राजू, एक सांगायचंय."

"ऐकलंय मी, बाबा. तुमच्या मागंच उभा होतो."

"काय ऐकलंस?" मागून दत्ता.

"काय नाय मामा, ढकल तू." आणि मला बारीक आवाजात म्हणाला, "वर पोचल्यावर सांगा. आता सांगितलंत तर मामा सोडून देईल."

वर पोचलो, उताराच्या तोंडाशी. दत्ता फूटपाथवर बसला. मी त्याला सगळं सांगितलं, हॉस्पिटल, वरळी, तिची झोप. त्यानं उठून गाडीचं पुढचं दार उघडलं आणि सीटवरनं हात फिरवला.

"माका कधी बोलली नाय," तो म्हणाला. "मगे ठेवा. पण ह्या खालीच सांगूक होया होता."

तेवढ्यात उस्मान स्कूटरवरनं आला. सगळ्यांना पाणी पाजत होतो मी, एकेकाचे पाय धरावेसे वाटत होते. उस्माननं स्टिअरिंगखाली डोकं घातलं, आणि बाहेर काढून माझ्याकडं बघितलं.

"चाचा, पार्किंग ब्रेक लगा हुआ है. आधा."

दोन घरांची सुतकातली माणसं उन्हात घामानं निथळत माझ्याकडं बघत होती. उभा जन्म ड्रायव्हर होतो, हे तिथं सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी ब्रेक सोडला, आणि गाडी कुणी हात न लावता, आपली आपण, अलगद पुढं सरकली.