वानखडेबाईंचा नकार

वानखडेबाई संगणकाला 'तो' म्हणत. "तो काहीतरी म्हणून राहिला, पाहू बरं," असे म्हणून त्या चष्मा कपाळावर सरकवत आणि थेट रुग्णाला फोन लावत. शहराच्या सदर या भागातील आमच्या आरोग्यविमा कचेरीत ही पद्धत नव्हती. इतर सर्वजण संगणक सांगेल ते मान्य करीत. मी त्या कचेरीचा प्रमुख होतो; मीही करीत असे.

बाई मूळच्या परिचारिका. वीस वर्षे वॉर्डात काढून त्या आमच्याकडे दाव्यांच्या तपासणीला आल्या. संगणक प्रत्येक दावा जुन्या नोंदींशी ताडून पाही आणि संशय आल्यास त्यावर लाल खूण करी. खोटी बिले त्याने पुष्कळ पकडली. त्याची उपयुक्तता मी नाकारत नाही. बाईंनीही ती कधी नाकारली नाही.

एका मे महिन्यात हिंगण्याच्या कारखान्यातील मनोहर या कामगाराचा दावा लाल झाला. साखरेचा आजार, पायाला चिघळलेली जखम, एकाच उन्हाळ्यात तिसऱ्यांदा भरती. रामदासपेठेतील रुग्णालय शस्त्रक्रियेसाठी आमच्या मंजुरीची वाट पाहत होते. उशीर झाल्यास पाऊल कापावे लागेल, असे डॉक्टरांनी कळवले होते. मी बाईंना दावा नामंजूर करण्यास सांगितले.

"मी नाही दाबत ते बटण," त्या म्हणाल्या. "तुमाले दाबाचं अशीन तर तुमच्या हातानं दाबा."

"बाई, हा आदेश आहे."

"असू द्या ना. माणूस तीनदा काहून भरती झाला, हे त्याले विचारलं का कोणी? चला, गाडी काढाले सांगा."

बटण मी स्वतः दाबू शकलो असतो. दाबले नाही. बाईंबरोबर गेलो.

रुग्णालयात त्यांनी बिलांकडे पाहिलेसुद्धा नाही. मनोहरच्या खाटेवर बसल्या.

"काय गा भाऊ, इन्शुलिन कुठी ठेवतं?"

"गाडीच्या डिक्कीत, ताई. डब्यासंगं. ड्युटीवर जेवणाआधी टोचावं लागते ना."

"अन् गाडी?"

"उन्हातच. कंपनीच्या स्टँडले शेड कुठी आहे?"

"म्हणजे तू औषध शिजवून टोचून राहिला!"

मनोहर हसला आणि मग पायाच्या पट्टीकडे पाहू लागला. उष्णतेने इन्शुलिनचा गुण जातो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुमची मशीन बरोबर बोलली, साहेब. चोरी झाली. पण चोर ऊन आहे."

मंजुरी मी तेथूनच फोनवर दिली. दोन बोटे गेली, पाऊल वाचले.

बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्याच संगणकातून त्यांनी उन्हाळ्यात वारंवार भरती होणाऱ्या हिंगण्याच्या कामगारांची यादी काढली आणि एकेकाला विचारले. बहुतेकांचे औषध डिक्कीतच होते. कारखान्याच्या कँटीनमधील फ्रिजचा एक कप्पा त्यांनी मागितला, तेव्हा व्यवस्थापक म्हणाले की त्यात थंड पेये असतात. "मंग थे ठेवा उन्हात," बाई म्हणाल्या. कप्पा मिळाला. पुढच्या उन्हाळ्यात यादीतील फार थोडे लोक भरती झाले. आमचा खर्च उतरला. मुख्य कचेरीने संगणकाचे अभिनंदन केले.

त्याचबरोबर आदेश आला: यापुढे लाल दावे कोणी न तपासता आपोआप नामंजूर व्हावेत. बाईंनी लेखी उत्तर दिले: "रुग्णाला विचारल्याशिवाय या कचेरीतील एकही दावा मी बंद होऊ देणार नाही." मुख्य कचेरीने त्यांच्या बदलीचा विषय काढला आणि गोपनीय अहवालासाठी माझा शेरा मागवला.

तो शेरा मी बाईंना कधी दाखवला नाही. गेल्या वर्षी त्या वारल्या, म्हणून येथे देतो: "श्रीमती वानखडे आदेश पाळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. त्यांना येथून हलवू नये. हलवायचेच असल्यास आधी मला हलवावे."

मला हलवले. बाई राहिल्या, आणि त्या होत्या तोवर तो आदेश सदरमध्ये लागू झाला नाही.