बारमाही जाकीट

मेहकरला बसमध्ये माझ्या शेजारी एक तिशीचा माणूस येऊन बसला. त्याच्या हिरव्या जाकिटाच्या पाठीवर ‘हरित भविष्याचा शिल्पकार’ असे छापले होते. शिल्पकाराने आधी रुमालाने चपला पुसल्या, मग खिडकी उघडली. खामगावजवळच्या कारखान्यात तो कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाट्या दळून जळणाच्या कांड्या पाडत असे. आज बीबी या गावी मुलगी पाहायला निघाला होता.

“पगार बरा असेल,” मी म्हणालो.

“पगार कायचा जी, रोजी हाय. पऱ्हाटी सरली का पावसाळाभर घरी.”

“आणि हे जाकीट?”

“ते बारमाही हाय,” तो न हसता म्हणाला. “मायनं घालाले लावलं. म्हने, पोरीचा बाप पाठ वाचूनच हो म्हनन.”

बीबी जवळ आली तसे त्याने जाकीट काढले आणि अक्षरे आत जातील अशी घडी घालून पिशवीत ठेवले.

“का काढलंत?”

“बाप हो म्हनन, भाऊ. पन पावसाळ्यात पोरीले काय सांगू?”

तो उतरला तेव्हा पांढऱ्या सदऱ्यात इतर उतारूंसारखाच दिसत होता. मुलीच्या बापाला आता त्याला विचारावेच लागणार होते.