एकेक फळी

बाळांनो, तुम्ही तिकडच्या समुद्रपक्ष्यांचा फोटो पाठवलात, म्हणून आमच्या सावित्री नदीवरच्या बंधाऱ्याच्या माणसाविषयी लिहिते. बंधाऱ्याच्या दारातल्या फळ्या काढणं-घालणं हे त्याचं काम. बोलण्याआधी तो कानामागची विडी चाचपतो; ओढताना मी कधी पाहिलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात खालच्या वाडीच्या विहिरींसाठी पाणी सोडायचं होतं. त्याने घाईत साऱ्या फळ्या एकदम काढल्या. पाणी खालच्या वाळूवर चढलं आणि तिथे उघड्या वाळूत घातलेली सुरय पक्ष्यांची, म्हणजे तुमच्या समुद्रपक्ष्यांच्या नदीवरच्या भाऊबंदांची, अंडी वाहून गेली. मी बोलले, तेव्हा विडी चाचपत म्हणाला, "काकी, मला ठाव नव्हतं."

यंदा तो रोज एकच फळी काढू लागला. वाडीतला एकजण काठावरून ओरडला, "अरे, आम्हाला पाणी देतोस की पाखरांना?"

"तुझी हीर चार दिसांनी भरंल रे! ती बघ, पोट भिजवून येते नि अंड्यांवर बसते, उन्हात शिजू नयेत म्हणून. तिला दुसरी वाळू हाय काय?"

विहिरी उशिरा भरल्या. काही अंडी कावळ्यांनी नेली. दोन पिल्लं उडाली, ती अजून नदीवर आहेत.