साबडे मॅडमची सुरगाठ

थांबा, कुणी हसायचं नाही. निक्की, तू आधी तो वडा खाली ठेव आणि ऐक.

काल सोमवार ना, आमच्या संग्रहालयाची सुट्टी. दुपारची वेळ. मी पलंगावर आडवी आहे, डोक्यावर पंखा कुरकुरतोय, बाहेरच्या खोलीत आई शेंगा फोडतेय, कट्, कट्. आणि मी डोळे घट्ट मिटून पडलेय, कारण मला साबडे मॅडमना स्वप्नात आणायचंय. आणायचंच आहे! का, तर आदल्या दिवशी चहा पिताना शर्वरी हळूच म्हणाली, "अगं जुई, काल मॅडम माझ्या स्वप्नात आल्या होत्या."

म्हणजे बघा हं. मॅडम दिवाळीनंतर देवाघरी गेल्या. वस्तूला नंबर कसा द्यायचा, ती कशी उचलायची, कुठल्या कपाटात ठेवायची, सगळं आम्हा दोघींना त्यांनीच शिकवलं. आम्ही दोघी फुकट काम करायला आलेल्या पोरी होतो, त्यांनी आम्हाला नोकरीत आणलं. आणि त्या गेल्या कुणाच्या स्वप्नात? शर्वरीच्या! बडोद्याचं दीड महिन्याचं ट्रेनिंग कुणाला? शर्वरीला! एकच जागा होती. आणि वर आमचे संग्रहालयाचे सर मला म्हणतात, "तिची रविवारची तुकडी तू घेणार असशील, तरच मी तिला सोडतो. मंगळवारपर्यंत सांग." तुकडी म्हणजे ते हौशी लोक, रविवारी मदतीला येतात ते. म्हणजे तिनं जायचं की नाही ते माझ्या हो-नाहीवर. आणि माझ्या तोंडातून हो निघतच नाहीये.

तर मी पडलेय. शेंगा वाजतायत. कट्, कट्. मग लक्षात येतं की त्या शेंगा नाहीयेत, झाकणं आहेत.

साबडे मॅडम एसटी स्टँडच्या बाकावर बसल्यात. चष्मा दोरीनं गळ्यात, तीच पोपटी साडी. मांडीवर ट्रे, ट्रेमध्ये कुंकवाच्या करंड्यांची झाकणं. एक उचलतात, करंड्यावर बसवून बघतात, कट्, नाही बसत, बाजूला. स्टँडवर गाड्यांच्या जागी आमची लोखंडी कपाटं उभी आहेत. हवेत लवंगांचा वास, कपाटात किडे येऊ नयेत म्हणून पुरचुंड्या ठेवतो ना आम्ही, तोच.

"ये," त्या म्हणतात. "दोन्ही हात रिकामे आहेत ना? मग बस."

मी बसते. रडू यायला पाहिजे ना मला? पण तोंडातून काय निघतं, तर "तुम्ही शर्वरीकडे आधी का गेलात?"

"तिचं घर वाटेत लागतं."

"मॅडम!"

"मग काय सांगू? ही झाकणं बघ कुणी एकत्र केली ती."

तुम्हाला हे सांगायलाच पाहिजे. परवाच्या रविवारी शर्वरीच्या तुकडीतल्या बर्वेकाकांनी नवीन आलेले करंडे आवरले. बँकेत जन्म गेला, त्यामुळे टापटीप फार. नंबर पडायच्या आत त्यांनी सगळे करंडे एका ट्रेमध्ये ठेवले आणि सगळी झाकणं दुसऱ्या ट्रेमध्ये, उंचीप्रमाणे रांगेत! कुठलं झाकण कशाचं, आता काही कळत नाही. शर्वरीचा चेहरा एवढासा झाला, आणि मला, खरं सांगते, आतून गुदगुल्या झाल्या.

"तिच्या तुकडीनं केलं," मी लगेच सांगते.

"तुला फार आनंद झालेला दिसतोय," मॅडम म्हणतात. माझ्या हातात एक झाकण देतात. "बसव."

मी दाबते. ते अडतं. आणखी दाबते.

"दाबू नकोस गं. ज्याचं असतं ते आपण होऊन बसतं."

बाक आता आमच्या स्वयंपाकघरात आहे. ओट्यावर करंडेच करंडे, आणि गॅसवर दूध ठेवलंय ते उतू जात नाही, नुसतं वर येऊन थांबलंय. खिडकीबाहेर कंडक्टर ओरडतोय, "बडोदा, बडोदा! एक की दोन?"

"दोन!" मी ओरडते.

"एकच जागा आहे, ताई."

"बघा," मी मॅडमना म्हणते. "बघा तुम्हीच. चिठ्ठी बांधायची तुमची गाठ तिला पहिल्या दिवशी आली. मला अजून येत नाही. तिला बडोदा. तिच्या स्वप्नात तुम्ही. मग मी कोण तुमची? लाडकी कोण, मी की ती?"

मॅडम हसायला लागतात. तुम्हाला आठवत नसेल, पण त्या हसल्या की चष्मा दोरीवर झोके घ्यायचा.

"शर्वरीनंही हेच विचारलं."

"काय?"

"हेच. शब्द न् शब्द. 'मॅडम, तुम्ही जुईला रागवायच्या, मला कधी रागवला नाहीत. म्हणजे लाडकी तीच ना?' तासभर रडली. बाकी काही बोलूच दिलं नाही मला."

शर्वरी माझ्यावर जळते? माझ्यावर? निक्की, तुला सांगते, इतकं बरं वाटलं मला! स्वप्नातसुद्धा.

"हात पुढे कर," त्या म्हणतात. कमरेला खोचलेली पांढरी सुती फीत काढतात. आम्ही चिठ्ठ्या बांधतो ना वस्तूंना, ती. "दोघींचा प्रश्न एक. म्हणून दोघींना नंबरही एक. ती अ, तू ब."

"ब का? मी ब का?"

"आधी आली ती अ. दारातून जे आधी आत येतं ते. एका वस्तूचे दोन भाग, नंबर एकच, करंडा अ, झाकण ब. झाकण दुय्यम असतं असं कुणी सांगितलं तुला? झाकण नसलं तर कुंकू सांडतं बाई."

"पण ती बडोद्याला आणि मी इथे—"

"वेगळं ठेवलं तरी नंबर एकच राहतो. म्हणून तर द्यायचा."

आम्ही घाटावर आहोत. पाणी अजिबात हलत नाही, कपाटाच्या काचेसारखं. त्या माझ्या मनगटावर फीत गुंडाळतायत, त्यांची बोटं गार आहेत. त्यांची ती सुरगाठ, एक टोक ओढलं की सगळी सुटते. माझी दर वेळी निरगाठच व्हायची, मग मॅडम कात्री आणायच्या आणि रागवायच्या.

"काय शिकवलं होतं?"

"आपण वस्तूला जे लावू," मी शाळेतल्यासारखं म्हणते, "ते काढता आलं पाहिजे."

"मग हे इतकं घट्ट काय बांधून ठेवलंयस?" आणि त्या माझ्या मनगटाकडे नाही, पोटाकडे बघतायत, जिथे माझा हो अडकलाय.

मला सांगायचं असतं की आणखी थोडं बसा, शर्वरीकडे तासभर बसलात ना, मग मोजून तेवढं तरी माझ्याकडे. पण कट्. एक झाकण बसतं. कुठलं ते दिसत नाही. कट्.

आई शेंगा फोडतेय. पंखा कुरकुरतोय. उशी ओली आहे.

आणि माझ्या डाव्या मनगटावर फीत आहे.

हो, फीत माझ्याच पिशवीतली. गाठीचा सराव करायला मी आणलेली, मान्य. पण गाठ कुणी बांधली? दोन्ही हात लावून मला ती येत नाही, एका हातानं झोपेत कशी येईल? आईला विचारलं तर म्हणते, "मला उद्योग नाहीत का?"

सरांना तसाच, त्याच हातानं मेसेज केला, रविवार मी घेते. मग शर्वरीला फोन. ती म्हणाली, "झाकणांचं काय करशील?"

"एकेक बसवून बघीन. दाबणार नाही."

"हे मॅडमसारखं बोललीस."

मी तिला स्वप्न सांगितलं नाही. अजिबात नाही. तिचं तिच्याकडे, माझं माझ्याकडे. बडोद्याला जाऊ दे तिला खुशाल, पण हे तिच्याकडे नाहीये. बघा, अंघोळ पण हात वर धरून केली. ही गाठ, हे टोक... ए निक्की! हात काढ! ओढू नको, एका ओढीत सुटते ती!