शेगडीचा हात

तिचा हात माझ्या कपाळाला लागला, तेव्हा मी तिच्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. सार्वजनिक स्नानगृहात सॉनाच्या दारापाशी मी टॉवेल गुंडाळून उभी होते. खडूच्या भुकटीत आणि पोरांच्या खोकल्यात पस्तीस वर्षं काढलेली. दर महिन्याला सर्दी ठरलेली. कुणीतरी सुचवलं म्हणून आले होते.

"ताप नाही," ती म्हणाली. "शाळेतल्या बाई ना तुम्ही? मग खालच्या फळीवर बसा. पहिल्याच दिवशी वरच्या वर्गात नाही."

सगळ्या तिला शेगडी म्हणत. भट्टी पेटवायची, दगड तापवायचे आणि दारात प्रत्येकीचं कपाळ बघायचं, हे तिचं काम. भट्टीपाशी तापलेल्या हाताला दुसऱ्याचा ताप कळत नाही, म्हणून कपाळाला लावण्याआधी ती हात बादलीतल्या गार पाण्यात बुडवून पुसून घेई. कपाळ तापलेलं लागलं, की कितीही बडी बाई असो, ती दारातूनच परत.

"नेमाने घाम काढला की अंगाला लढायची सवय होते," ती सांगे. "पण ही कवायत आहे, बाई. लढाई जुंपल्यावर कवायत करायची नसते. गुपचूप अंथरुणात पडायचं."

बावीस वर्षांत आपण शिंकलोसुद्धा नाही, असंही ती सांगे. तेवढी थाप मी चालवून घेई. माझी सर्दी मात्र खरंच वर्षाला दोन-तीनवर आली होती.

तिची थोरली बहीण शिवणकाम करायची. घरात दोघीच, भांडायला आणि जेवायला एकमेकींशिवाय कुणी नाही. ताई दर शनिवारी सॉनाला येई.

त्या शनिवारी रांगेत ती माझ्या पुढेच होती. खोकत होती. शेगडी नुकतीच भट्टीत लाकडं सारून आली होती, चेहरा लालबुंद. तिने बादलीकडे हात नेला.

"आटप गं," ताई म्हणाली. "उघडीवाघडी उभी आहे मी. कपाळ बघतेस की नवरी?"

"खोकतेस कशाला?"

"कापडाची धूळ. तुझ्या खोलीत बसलं की सगळं पळतं, तूच सांगत सुटतेस ना गावभर?"

रांगेत हशा पिकला. मीही हसले. शेगडीने हसत हसत हात तसाच ताईच्या कपाळावर टेकवला.

"गार तर आहेस. जा, मर आत."

दहा मिनिटांनी ताई भिंतीला धरून बाहेर आली आणि बाकावर कलंडली.

दवाखान्यात कळलं, न्यूमोनिया होता. दोन-तीन दिवस अंगात ताप होता आणि ताई तो अंगावर काढत होती. चार दिवस शेगडी तिच्या उशाशी बसली. तासातासाला उठून नळाखाली हात गार करायची, पुसायची आणि ताईच्या कपाळाला लावायची. पाचव्या दिवशी पहाटे कपाळ गार लागलं.

"आजार आधीचाच होता," डॉक्टर म्हणाले. "उष्णतेने हृदयावर ताण आला, हेही खरं. पण त्या खोलीत बसली नसती तर वाचलीच असती, असं मी म्हणणार नाही."

"आणि वाचली नसती, असं म्हणाल?" शेगडीने विचारलं.

डॉक्टरांनी केसपेपर मिटला.

महिन्याभराने मी तिला भेटायला गेले. कोपऱ्यात शिलाई मशीन तसंच होतं, सुईखाली अर्धी बाही. मी म्हटलं, "अगं, तू हात पाण्यात बुडवला नाहीस, ते मीही पाहिलं होतं. मीही हसलेच."

"कपाळ बघायचं काम तुमचं नव्हतं, बाई," ती म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

सॉनाच्या दारावर आता दुसरी बाई थर्मामीटर घेऊन बसते. शेगडी मागच्या खोलीत टॉवेल धुते. त्या दारातून ती पुन्हा आत गेलेली नाही. या हिवाळ्यात तिला तीनदा सर्दी झाली.