डाव्या अंगाचं मागचं चाक

आम्ही नवरा-बायकोनं मिळून शेवटचं जे काम केलं ते मास्तरच्या गाडीच्या तिसऱ्या चाकाचं. तिनं खुरप्यानं चाकाच्या आतली माती काढून दिली. मी चाक मशीनवर चढवलं, फिरवलं, आतल्या कडेला एक वजन ठोकलं, बाहेरच्या कडेला एक. परत फिरवलं. दोन्हीकडे शून्य आलं.

"झालं," ती म्हणाली. "आता एकच राह्यलं." अन चौथं चाक तिनं स्वतःकडे ओढलं.

सुलतानपूरच्या फाट्यावर आमचं टायरचं दुकान. आधी नुसतं पंक्चर काढायचो. मोठा महामार्ग झाला, गाड्या जोरात पळायला लागल्या, तेव्हा लोकांना कळलं की आपली चाकं थरथरतात. मग जालन्याहून चाकाचा तोल पाहायचं एक जुनं मशीन आणलं. शाळेत मी फार गेलो नाही, पण आकडे कळतात. चाक फिरलं की मशीन सांगतं, आतून किती वजन पाहिजे, बाहेरून किती. मग चाक हातानं हळूहळू फिरवायचं. सगळे दिवे लागले की थांबायचं. त्या वेळी चाकाची जी जागा बरोबर वर असते तिथं कडेला वजन अडकवायचं अन हातोडीनं ठोकायचं. आतलं आत, बाहेरचं बाहेर. लोखंडी रिमला असं. चकचकीत भारी रिम असली तर चिकटवायचं वजन आतून लावतात, जागा पुसून, कोरडी करून. एवढंच आहे ते.

पण आमच्याकडे त्याच्या आधी एक काम असतं, ते मशीन विकणाऱ्यानं सांगितलं नव्हतं. काळी माती. पावसाळ्यात गाडी वावरात गेली की माती रिमच्या आतून जाऊन बसते अन वाळली की विटेसारखी होते. सुरुवातीला आम्ही तशीच वजनं लावायचो. मशीन शून्य दाखवायचं, गिऱ्हाईक खुशीत जायचं अन थोड्याच दिवसांत शिव्या देत परत यायचं. मी मशीनला शिव्या द्यायचो. एकदा असंच परत आलेलं चाक हिनं उलटं करून पाहिलं.

"मशीनले काऊन बोलता?" ती म्हणाली. "तुम्ही मातीचं माप घेतलं. माती पडली रस्त्यात अन वजन राह्यलं चाकाले."

तेव्हापासून माती काढायचं काम तिचं. निंदणाचं खुरपं घेऊन बसायची. जुनी वजनंही पकडीनं तीच उपटायची. शेवटी आतून सगळीकडे हात फिरवायची अन "हं" म्हणायची. ती "हं" म्हणाल्याशिवाय मी चाक उचलत नव्हतो.

मास्तर म्हणजे जवळच्या खेड्यातला, शाळेवरचा. शाळा सुटली की तीच गाडी घेऊन वावरात जातो. आम्हाला काका-काकू म्हणतो. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून सकाळीच आला होता, स्टुलावर बसून आमचं काम पाहत होता.

"काका, आतून कशाले लावता?" तो म्हणाला. "दोन्ही बाहेरूनच लावा. केलेलं काम दिसते तरी."

मी काही बोलायच्या आधी तीच बोलली. "मास्तर, तुमच्या घरी भाकर एकाच अंगानं भाजतात का?"

"कधी कधी तशीच भेटते, काकू."

"मग खा तुम्ही. चाकाले नाही चालत तसं."

मास्तर हसला, मीही हसलो. तिनं खुरपं खाली ठेवलं अन छातीवर हात दाबला. "जळजळून राह्यलं," म्हणाली.

"ठेचा कमी खात जा म्हणलं तर ऐकत नाही तू," मी म्हणालो.

तेवढ्यात ती चाकावरच कलंडली. अंगाला दरदरून घाम, तोंड राखेसारखं. मी तिला धरून बसवलं तर मान राहत नव्हती.

मास्तर उठला. "काका, मेहकरले नेऊ. दुसरी गाडी पाहत नका बसू, चढवा चाक." त्याची गाडी मागून जॅकवर उचललेली होती, डाव्या अंगाचं मागचं चाक तेवढं नव्हतं. मी ते होतं तसं चढवलं. अर्धी माती निघालेली, अर्धी आत. जुनी वजनं तिनं उपटून टाकलेली, नवी लावायची होती. गाडी आली तेव्हापेक्षा ते चाक आता वाईट होतं. मला ते ठाऊक होतं. मास्तरला नव्हतं.

मागच्या सीटवर तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. पुढचं चाक बिघडलं तर ते स्टेअरिंगवर कळतं. मागचं बिघडलं तर सीटवर कळतं. गाव सुटेपर्यंत काही नव्हतं. मास्तरनं वेग घेतला अन सीट थरथरायला लागली. तिचा गाल माझ्या मांडीवर हलायला लागला.

डोळे मिटूनच ती म्हणाली, "मागचं आहे. डाव्या अंगाचं."

"हो."

"माती राह्यली त्यात."

"राहू दे वं माती. तू बोलू नको."

मग म्हणाली, "हळू घ्याले सांगा हो. छातीत लागून राह्यलं."

मास्तरनं ते ऐकलं. मी सांगायच्या आधीच त्यानं पाय सैल केला. गाडी हळू झाली, सीट थांबली. तिच्या कपाळावरची आठी गेली. हळू गेलं की तिला बरं वाटत होतं, अन जोरात गेलं तरच ती दवाखान्यात पोचणार होती. मास्तर आरशातून माझ्याकडे पाहत होता. त्याला काय विचारायचं होतं ते मला कळत होतं.

"पळव," मी म्हणालो.

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. दुकानात चाक घसरून पायावर पडलं की पाहायची तसं पाहिलं. मग माझा सदरा मुठीत धरला. सीट परत थरथरायला लागली. मी तिच्या कानापाशी बोलत होतो. मेहकर आलं, थोडं राह्यलं, पोरीला खामगावहून बोलावतो, असं काहीबाही. ती ऐकून मान हलवत होती, असं मला वाटत होतं.

मेहकरच्या गर्दीत मास्तरनं ब्रेक मारला. सीट थांबली अन तीही थांबली. मूठ कधी सुटली होती कोण जाणे. सीट हलत होती म्हणून ती हलत होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरनं पाहिलं अन रस्त्यातच गेल्या म्हणून सांगितलं. मी त्याला विचारलं, हादऱ्यानं झालं का. तो म्हणाला, "नाही बाबा, गाडीचा काही संबंध नाही." भला माणूस होता. दुसरं काय सांगणार तो.

येताना मास्तरला म्हणालो, आता हळू घे. त्यानं एवढी हळू घेतली की सायकलवाले पुढं जात होते. सीट एकदाही हलली नाही. तिचं डोकं माझ्या मांडीवरच होतं.

पोरगी खामगावहून येऊन पोचली तेव्हा सगळं बांधून तयार होतं. दिवस मावळायच्या आत जाळून आलो. मास्तर गाडी दुकानासमोर ठेवून कुणाच्या तरी मोटारसायकलवर घरी गेला.

सकाळी उठलो अन किल्ली घेतली. पोरगी चुलीपाशी पाणी तापवत होती.

"बाबा, कुठं चालले?"

"दुकानात."

"राख सावडायची राह्यली अजून. सुतकात शटर उघडतात का? लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे. चाक राह्यलं."

ती पदरात तोंड घालून बसली.

मास्तर गाडी न्यायला आला तोवर मी चाक काढलं होतं. तिचं खुरपं पडलं होतं तिथंच होतं. तिच्या जागेवर बसून माती काढली. वाळून दगड झाली होती, ढेकूळ निघालं ते कोपऱ्यात जाऊन फुटलं. आतून हात फिरवला. परत फिरवला. मग चाक तसंच धरून बसून राहिलो, कारण कुणी "हं" म्हणालं नाही. मास्तर उभा होता. "झालं असंन, काका," म्हणाला तो हळूच.

मशीनवर चढवलं. आतून बरंच मागितलं, बाहेरून थोडं. दिवे लागले तिथं वरच्या अंगाला आतलं ठोकलं, मग बाहेरचं. परत फिरवलं. शून्य, शून्य. चाक गाडीला लावलं, नट आवळले अन दार उघडून मागं बसलो. डाव्या अंगाला.

"मेहकरच्या रस्त्यानं घे," मी म्हणालो.

मास्तर म्हणाला, "हळू घेऊ?"

"पळव."

त्यानं पळवली. सीटवर हात पसरून ठेवला होता मी. ती जिथं हळू घ्या म्हणाली तिथून गेलो, त्याच्याही पुढं गेलो. काही हललं नाही. मग मी म्हणालो, वळव आता, पोरीनं पाणी तापवलं असंन.