कमळीच्या मनाचा सातबारा

दिवाळे गावच्या कमळीकडे एकटीचं म्हणावं असं जगात एकच काही उरलं होतं: एक स्वप्न. घराची वाटणी झाली, होडीची झाली, आणि सुकट वाळवायच्या ओट्याची तर अशी झाली की तेव्हापासून तिच्यात आणि थोरल्या जावेत, भिमाबाईत, बोलणंच उरलं नाही. शिव्या चालू होत्या, पण त्या कोंबड्यांना उद्देशून.

स्वप्नाला मात्र वाटेकरी नव्हता. खाडीचं पाणी पार ओसरलेलं, आणि मधोमध चिखलात एक म्हातारी केस विंचरत बसलेली. बोलत नाही, वळून बघत नाही. ही देवीच, आणि ती फक्त आपल्याला दिसते, याची कमळीला खात्री. त्या जोरावर ती मासळी बाजारात कोणालाही दबत नसे.

परवा कोळंबी सोलता सोलता तिने हे गुपित लेकीला सांगितलं. रुतिका नेरूळच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकते. घरात कोणी शिंकलं तरी ती कारण बालपणात शोधते. ती उडालीच.

"आई, ही म्हातारी आम्हाला अभ्यासाला आहे! आपल्या मनाच्या तळाशी अजून एक मन असतं. ते एकट्याचं नसतं, सगळ्यांचं सामायिक असतं. तिथून येते ही."

कमळीच्या हातातली कोळंबी गळाली. 'सामायिक' हा शब्द तिला एकाच ठिकाणचा ठाऊक: जमिनीचा सातबारा, जिथे अर्ध्या गुंठ्यावर गावभर नावं असतात.

"माझ्या मनावर दुसऱ्यांची नावं हायत?"

"सगळ्यांची."

"भिमाबायचं पन?"

"हो गं. टेन्शन काय घेतेस?"

"मना न इचारता चढवलं कोनी?"

सोललेली कोळंबी मांजराच्या भरवशावर टाकून कमळी तरातरा निघाली. भिमाबाई ओट्यावर सुकट पसरत होती.

"तुज्या सपनात म्हातारी येते?" कमळीने इतक्या वर्षांनंतरचं पहिलं वाक्य तिच्या तोंडावर फेकलं. "केस इंचरनारी?" आणि 'नाय' म्हण, 'नाय' म्हण, असा मनातल्या मनात धावा सुरू केला.

भिमाबाईच्या हातातलं सूप तिरकं झालं. चेहरा पांढराफटक.

"तुना कोनी सांगितलं? मी घरात पन कोनाला बोलले नाय."

"खाडी सुकलेली?"

"थेंब पानी नाय. नुसता चिखल."

वाटेत जमवलेलं सगळं भांडण कमळी विसरूनच गेली.

भिमाबाईने सूप बाजूला ठेवलं. "मना वाटलं, ती मना न्यायला येते. ती दिसली का सकाळी उठून पयले हातपाय हालवून बघते. कोनाला सांगनार?"

कमळी हबकली. आपण जिच्या जिवावर बाजारभर मिरवलो, तिलाच ही बाई एकटी घाबरत होती!

"येडी का काय तू?" ती धपकन ओट्यावर टेकली, तीही जावेच्या हिश्श्यात. "मना किती वर्सं दिसते. मेले का मी? तुज्यासमोर बसलेय ना?"

भिमाबाईने पदराने डोळे पुसले.

"पन," कमळीने बजावलं, "आधी मना दिसली."